किमान वेगाचा आकडा

घोडेगावच्या कांदा बाजारातल्या काही आडतींचा हिशोब एका सर्व्हरवर चालायचा आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. चार टीबीच्या चार डिस्क, लिनक्सवर रेड ५. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातला डेटा पुन्हा तयार करता येतो. ऐन हंगामात, लिलावाच्या दिवशी पहाटे एक गेली. मी नवी बसवली, रिबिल्ड सुरू केलं आणि किती टक्के झालं एवढंच पाहत बसलो.

लिलाव सुरू झाला तसा वेग घसरला. लिनक्समध्ये तशीच सोय आहे. डिस्कवर दुसरं काम आलं की रिबिल्ड मागे सरतं, फक्त ठरवलेल्या किमान वेगाखाली जात नाही. मुळात हा वेग डिस्कमागे सेकंदाला १००० केबी असतो आणि कमाल वेग २,००,०००. सुरुवातीला अकरा-बारा तास दाखवणारा अंदाज दिवसांवर गेला आणि मी घाबरलो. दरम्यान दुसरी डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं, ही भीती खोटी नव्हती. मी किमान वेग १,००,००० केला. काम जास्त असेल तेव्हा रिबिल्ड तरीही बाजूला होईल, असं मी धरून चाललो होतो. पण किमान वेग म्हणजे रिबिल्डचा राखीव हिस्सा. कितीही माणसं खोळंबली तरी तो कमी होत नाही.

फिरत्या डिस्कचं हेड एका वेळी एकाच जागी असतं. रिबिल्डला सगळी डिस्क सलग वाचायची असते. शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी काढताना मात्र त्याचं नाव, मालाचं वक्कल, वजन, भाव, हमाली, तोलाई असं दहा ठिकाणांहून उचलावं लागतं. त्यातला एखादा तुकडा गेलेल्या डिस्कवरचा असेल, तर तो तिन्ही डिस्क वाचून बनवावा लागतो. एरवी लगेच निघणारी पट्टी अडकायला लागली. दिवाणजींनी प्रिंटचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं, तशी मागण्यांची रांग आणखी फुगली.

कांदा उतरवून रिकाम्या झालेल्या पिकअप आवारात तशाच उभ्या होत्या. "भाऊ, पट्टी कधी निघंल? गाडीवाला खोळंबलाय," एक म्हातारे शेतकरी विचारत होते. गाडीभाडं त्याच पट्टीच्या पैशांतून जायचं होतं. मी "मशीनचं काम चालू आहे" म्हणत राहिलो. तो आकडा खाली आणायला एक ओळ पुरली असती. टक्के चढत होते, म्हणून मी ती लिहिली नाही. माझ्या भीतीची किंमत त्या लोकांनी उन्हात उभं राहून मोजली.

दुपारी एका आडतदारांनी हाताने पट्ट्या लिहायला घेतल्या, तेव्हा कुठे मी वेग पुन्हा १००० वर आणला. पट्ट्या निघू लागल्या. रात्री बाजार शांत, डिस्क मोकळी; रिबिल्ड आपोआप पळायला हवं होतं. पण रोजचा बॅकअप त्याच डिस्कवरून रात्री सुरू व्हायचा आणि तो मी थांबवलाच नाही. रिबिल्ड रात्रभर रांगलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीनपैकी एका डिस्कवर न वाचता येणारा भाग लागला आणि रिबिल्ड तिथेच थांबलं. तो भाग जुन्या हंगामाच्या नोंदींचा होता, कित्येक महिने कोणी उघडला नव्हता. चारही डिस्क महिन्यातून एकदा पूर्ण वाचून तपासायची सोय होती. असा भाग चारही डिस्क धड असताना सापडला असता, तर बाकीच्यांवरून दुरुस्त झाला असता. ती तपासणी मीच बंद केली होती, कारण तेवढ्या वेळात सर्व्हर संथ चालतो अशी तक्रार आली होती. महिन्यातले काही संथ तास मी टाळले आणि त्याचा हिशोब असा भर हंगामात चुकवावा लागला.

डेटा रात्रीच्या बॅकअपवरून परत आला. त्यानंतरच्या नोंदी काटापट्ट्या पाहून आम्ही पुन्हा भरल्या. दोन वक्कलांच्या वजनावरून वांधा झाला, तो आडतदारांनी पदरचे पैसे घालून मिटवला. ते मला काही बोलले नाहीत.

आता तिथे रेड ६ आहे, दोन डिस्क गेल्या तरी चालतं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो आणि रिबिल्ड चालू असेल तर त्यासाठी थांबतो. मासिक तपासणी लिलाव नसलेल्या रात्री होते. किमान वेग बाजाराच्या वेळेत १००० वरच असतो. तो वाढवायची वेळ आलीच, तर मी आधी आडतीवर फोन करून किती पट्ट्या बाकी आहेत ते विचारतो.