उशिरा पेटलेली ट्यूब

आमच्या क्लीव्हलंडच्या घराचे बेसमेंट तुम्हा सगळ्यांच्या बेसमेंटसारखेच आहे. एका कोपऱ्यात वॉशर-ड्रायर, दुसऱ्यात गणपतीचे मखर, बाकी सगळीकडे बॅगा. छताला आधीच्या घरमालकाने लावलेल्या चार फुटी ट्यूब. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, आणि त्याच आठवड्यात त्यातली एक फडफडू लागली. नवरा म्हणाला, "सगळ्याच काढून एलईडी लावू."

बाबांनी मान वर करून दोन्ही टोके नीट पाहिली. "टोकं काळी पडलीत. फिलामेंटवरची पावडर उडाली. हिचं आयुष्य झालं," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "काढा, पण फोडू नका. आत पारा असतो."

बाबांनी 28 वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ट्यूबलाइट बनवल्या. शाळेत मला मुले 'ट्यूबलाइट' म्हणत. आपल्याकडे ज्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडतो त्याला तेच म्हणतात. वडिलांची नोकरी कळल्यावर तर त्यांना आयतेच कोलीत मिळाले. दर वर्षी खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असे. त्या दिवशी घरच्यांना आत नेता येई. आठवीत असताना बाबांनी मला विचारले, तेव्हा "मला नाही यायचं" म्हणून मी दार लावून घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी विचारले नाही. मी बारावीत असताना कारखाना बंद झाला. पुढे मी एमए केले, शिक्षिका झाले, लग्न होऊन इकडे आले. पण बाबा दिवसभर नेमके काय करत होते, हे मी त्यांना कधीच विचारले नव्हते.

त्या फडफडणाऱ्या ट्यूबमुळे एक गोष्ट लक्षात आली. ट्यूबलाइट जिथे घडली ती जागा आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. ईस्ट क्लीव्हलंडमधील नेला पार्क. डिसेंबरातली तिथली रोषणाई आपल्यापैकी अनेकांनी गाडीतून पाहिली असेल. 'नेला' हे कुणा बाईचे नाव असावे, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ती 'नॅशनल इलेक्ट्रिक लॅम्प असोसिएशन'ची आद्याक्षरे आहेत! पाऱ्याच्या वाफेचे दिवे त्याआधीही होते. जर्मनीत एडमंड गेर्मर यांनी 1926 मध्ये अशा दिव्याच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. पण दुकानात विकता येईल, रोज बटण दाबून लावता येईल अशी ट्यूब बनवण्याचे काम 1934 पासून जनरल इलेक्ट्रिकच्या जॉर्ज इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेला पार्कमध्ये केले. 1938 मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात झळकली.

एका रविवारी आम्ही नोबल रोडवर गाडी उभी करून लाल विटांच्या त्या इमारती बाहेरूनच पाहिल्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शोध लावला तो इथे. बनवायचे कुठे?"

बनवायचे ठिकाण नैऋत्येला, सुमारे दोन तासांच्या रस्त्यावर, बुसायरस नावाच्या छोट्या गावात होते. तिथला ट्यूबचा कारखाना 2022 मध्ये बंद झाला. ट्यूबसाठी काचेच्या नळ्या पुरवणारा लोगन गावातला काचकारखानाही त्याच सुमारास बंद पडला. मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "बंद तर बंद. जाऊन येऊ."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आईने थालीपिठे आणि दह्याचा डबा घेतला आणि आम्ही निघालो. मॅन्सफिल्डपर्यंत हायवे 71, तिथून पश्चिमेला 30. दोन्ही बाजूंना पिवळा पडत चाललेला मका आणि सोयाबीन. मागच्या सीटवर आजी आणि नात अंताक्षरी खेळत होत्या. बाबा मात्र शिफ्टला निघाल्यासारखे ताठ बसले होते.

कारखान्याच्या कंपाउंडबाहेर गाडी थांबवली. आत जाता येणार नव्हतेच. बाबा उतरले, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि माझ्या लेकीला म्हणाले, "कागद दे." थालीपिठांची खाकी पिशवी उलटी करून बॉनेटवर ठेवून त्यांनी एक लांब रेघ काढली. "ही लाइन. इकडून काच आत जाणार, तिकडून ट्यूब पेटून बाहेर येणार."

मग पाऊण तास ते बोलत होते आणि मी, आठ वर्षे वर्गात उभे राहून शिकवलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर विद्यार्थिनी होते.

आधी काचेची नळी धुवायची. मग ती उभी धरून आतून पांढऱ्या पावडरचे पातळ द्रावण सोडायचे. ते आपल्याच वजनाने खाली उतरते आणि आतल्या भिंतीवर थर राहतो. "डोशाचं पीठ तव्यावर कसं सारखं पसरायला हवं, तसंच. दाट झालं तर पट्टे, पातळ झालं तर काच दिसते." गरम हवेने ते वाळवायचे. दोन्ही टोकांची पावडर पुसून काढायची, नाहीतर सील नीट बसत नाही. मग नळी 500 ते 600 अंशांच्या भट्टीतून न्यायची, म्हणजे द्रावणातला चिकटपणा जळून जातो आणि नुसती पावडर काचेला धरून राहते.

तोवर दुसऱ्या मशीनवर 'माउंट' तयार होतो. काचेचा छोटा बुंधा, त्यातून आरपार गेलेल्या दोन तारा आणि त्यांच्या टोकांमध्ये टंगस्टनची वेटोळी. त्या वेटोळ्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियमच्या संयुगांचा लेप. नळीच्या दोन्ही टोकांना हे माउंट ठेवून ज्योतीवर फिरवत फिरवत काचेला काच जोडायची.

"आणि मग माझं मशीन," बाबांनी रेघेवर एक गोल काढला. "एक्झॉस्ट." मोठे फिरते चाक, त्यावर कडेने ट्यूब लावलेल्या. बुंध्याच्या बारीक नळीतून पंप आतली हवा ओढून घेतो. त्याच वेळी फिलामेंटमध्ये करंट सोडून लेप तापवायचा, म्हणजे त्यातला वायू निघून जातो आणि तो काम करण्याजोगा होतो. मग इवलासा पारा आणि थोडा आर्गॉन, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तीनशेव्या भागाइतका. लगेच ज्योतीने बारीक नळी वितळवून बंद. "एका हेडला जरी हवा घुसली तरी ट्यूब वाया. शेडमध्ये एवढा आवाज, पण पंपाचा सूर बदलला की मला कळायचं." शेवटी टोप्या चढवायच्या, चाचणीसाठी पेटवायची, बांधायची.

आतल्या पाऱ्याच्या वाफेतून न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि ती पांढरी पावडर त्यांचा आपल्याला दिसणारा उजेड करते. हे मी शाळेत पाठ केले होते. ती पावडर कुणीतरी सारखी पसरवलेली असते, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. किंवा सांगणारा घरातच होता, मीच ऐकले नव्हते.

लेकीने विचारले, "आजोबा, ट्यूबलाइट उशिरा का पेटते?" बाबा हसले. "आधी तिची दोन्ही टोकं तापावी लागतात. तेवढा वेळ स्टार्टर थांबतो. थंड टोकांना झटका दिला तर पेटेल, पण लवकर मरेल."

परतण्याआधी गावात चक्कर मारली. इथे 1874 पासून हाताने ठोकून तांब्याच्या कढया बनवणारे एक दुकान आहे. ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांची भांडीही तिथे घडतात. कढईवरचे हातोडीचे ठसे पाहून आई म्हणाली, "अगं, ही तर आपली तांबट आळी!" बाबा म्हणाले, "तांबट कढई नाही तर घंगाळ ठोकेल. आमच्या मशीनचं तसं नव्हतं. त्याला ट्यूबशिवाय दुसरं काही येत नव्हतं."

त्यात कडवटपणा नव्हता. एलईडी कमी विजेत जास्त उजेड देते आणि त्यात पारा नसतो, हे ते जाणतात. पाऱ्याच्या विषबाधेने होरपळलेल्या जपानी गावाच्या नावाने मिनामाता करार झाला. त्यातील देशांनी 2023 मध्ये घरा-कचेऱ्यांत वापरायच्या अशा ट्यूबचे उत्पादन 2027 पर्यंत बंद करायचे ठरवले. "बरोबरच आहे. आम्ही पाऱ्याजवळ काम केलंय," एवढेच ते म्हणाले.

परतताना हायवेवर मी म्हटले, "बाबा, आठवीत मी खंडेनवमीला यायला हवं होतं." खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आज आलीस की."

बेसमेंटमध्ये आता एलईडी आहे. जुन्या ट्यूब बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला त्या मी स्वतः नेऊन दिल्या. ती खाकी पिशवी मात्र फ्रेम करून भिंतीवर लावली आहे, तेलाच्या डागासकट.

यंदाच्या दिवाळीत तुमच्यापैकी अनेकांकडे आई-वडील, सासू-सासरे आलेले असतील. फराळाचे ताट पुढे ठेवाल तेव्हा त्यांना एवढेच विचारा, "तुम्ही कामावर नेमकं काय करत होता?" गिरणीत, बँकेत, एसटीत, पोस्टात, शेतात, जिथे कुठे असतील तिथे. सुरुवातीला "त्यात काय सांगायचं" म्हणतील. थोडे थांबा. टोके तापायला वेळ लागतो.