ताटीला पाणी

रामनवमीचा उत्सव आटोपून दिंड्या शेगावातून परतल्या, की आमच्या ओसरीच्या दाराला वाळ्याची ताटी लागायची. बांबूच्या कामट्यांत दाबून बसवलेली तपकिरी मुळं, हाताला घोंगडीसारखी खरबरीत. कोरड्या ताटीला वास जवळजवळ नसायचाच. दुपारी पारा ४४ च्या पुढे सरकला की आजी म्हणायची, "लय तापून रायलं पोरी, ताटीले पानी मार बरं." मी तांब्यानं शिंपडायचे. पाणी मुळांत जिरायचं, बाहेरच्या झळा त्यातून गाळून गार होऊन आत यायच्या आणि सोबत तो मातकट, किंचित कडसर वास. ताटी वाळली की वासही जायचा. पुन्हा तांब्या, पुन्हा वास.

वाळ्याचं तेल जड, फार सावकाश उडणारं. इतर सुवास धरून ठेवायला अत्तरवाले तेच वापरतात. म्हणून तर तीच मुळं सगळा उन्हाळा पुरायची. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागायची, मृगाचा पाऊस पडायचा आणि मग ताटीचा उपयोग संपायचा. हवाच ओली, तर पाणी उडणार कसं? गारवा नाही, वर कुबट वास.

पुढे पत्र्याचा कूलर आला. त्याला आधी वाळा होता, मग स्वस्त म्हणून लाकडाचा कीस आला आणि वाळ्याची हौस भागवायला पाण्यात टाकायचं हिरवं इसेन्स. त्याचा वास वाळ्यापेक्षा सरबताचाच जास्त! आता दुकानदार पुठ्ठ्याची जाळी गळ्यात मारतो. वाळा एका उन्हाळ्यात कुजतो, हे त्याचं म्हणणं खोटं नाही.

सध्या आमच्या बैठकीत प्लगला लावायचं सुवासाचं यंत्र आहे. बाटलीतलं तेल वातीतून वर चढतं, वरचं छोटं हीटर ते तापवून हवेत सोडतं. रात्रंदिवस, एकसारखं. अडचण तिथेच आहे. न बदलणारा वास नाक थोड्या वेळानं मोजेनासंच होतं. ताटीचा वास मात्र मध्येमध्ये तुटायचा, म्हणून दर तांब्याला नवा वाटायचा. आजीला हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. पाणी वाचवायचं म्हणून ती थांबून थांबून मारायला लावायची.

मला वास येत नाही म्हटल्यावर मुलीनं यंत्राची चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवली. तरी आम्हा घरच्यांना काही कळत नाही. पाहुणे मात्र दारातच शिंकतात.