लोखंडी धांव व रबरी टायर

आमचें वडनेर भोलजी हें गांव नांदुरा व मलकापूर यांच्या दरम्यान, मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. भोंवतीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन, आणि तिला छेदून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. अशा ठिकाणीं राहणाऱ्या गृहस्थास मोटारसायकलीच्या टायरविषयीं कांहींतरी मत बनवावेंच लागतें, मग त्यास शर्यतींचा नाद असो वा नसो. आम्हांस तो नाहीं. परंतु आमच्या पुतण्यास तो पुरेपूर आहे, आणि घरखर्चाची वही आमच्या वडील बंधूंच्या हातीं आहे. गेल्या वैशाखांत या दोघांचा जो वाद झाला, त्यांतील विषय पुष्कळ घरांच्या कामीं येण्यासारखा वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

दादांचें म्हणणें असें, कीं मागच्या टायरवरील नक्षी अद्याप दिसते. पांच वर्षें टिकला, तो आणखी एक पावसाळा सहज काढील. पुतण्याचें म्हणणें याच्या अगदीं उलट. “मोठे काका, शर्यतींत वापरतात तसा मऊ टायर घेऊं या. तो रस्ता सोडीतच नाहीं.” “आणि किती दिवस टिकतो?” या प्रश्नावर मात्र चिरंजीव गप्प राहिले.

दादांची पिढी बैलगाडीच्या चाकाच्या धांवेवर वाढलेली. लोहारानें तापवून लांकडी चाकावर चढविलेली ती लोखंडी पट्टी जितकी कमी झिजे तितकी चांगली. एकदां बसविली म्हणजे वर्षानुवर्षें पाहणें नको. पण धांवेनें रस्ता धरावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, कारण धरणारे बैलांचे पाय होते. रबरास मात्र दोन्ही कामें करावयाचीं असतात. तें रस्त्यांतील खडीच्या कंगोऱ्यांवर दबतें, बारीक खांचांत शिरतें, क्षणभर चिकटतें आणि सुटतें. या सुटण्यांत त्याचा कांहीं अंश झिजतो. मुलांच्या दप्तरांतील खोडरबर पाहावें. मऊ असतें तोंवर अक्षर पुसतें व स्वतः चुऱ्याच्या रूपानें संपत जातें. दोन वर्षें पडून कडक झालेलें झिजत नाहीं, पण कागदावरून नुसतें घसरतें व शाई फांसतें. टायरचेंही तसेंच होतें. ऊन, हवा व काळ यांनीं तो कडक होतो, आणि नक्षी शाबूत असूनही पकड गेलेली असते. म्हणून टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक वाचावेत. त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे सन २०२१ मधील तेविसावा आठवडा.

नक्षीविषयींही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. कोरड्या रस्त्यावर पकड खांचांनीं येत नसून रस्त्यास टेंकलेल्या रबरानें येते. सप्टेंबर २०२३ मध्यें दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें मोटोजीपीची शर्यत झाली. उष्म्यामुळें ती २४ ऐवजीं २१ फेऱ्यांची करावी लागली. तेथील गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर अगदीं गुळगुळीत असतात. सुटण्यापूर्वीं त्यांस विजेच्या उबदार गुंडाळ्या घालून नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवितात, आणि एका शर्यतींत ते संपतात. पाऊस आला कीं तेच टायर निरुपयोगी. मग खोल खांचांचे, अधिक मऊ टायर लागतात. खांचांचें काम पाणी बाहेर फेंकण्याचें. तें न झाल्यास चाकाखालीं पाण्याचा पातळ थर राहतो व गाडी त्यावर तरंगते. आपल्या नियमांत दुचाकीस निदान ०.८ मिलिमीटर खोली सांगितली आहे ती यासाठींच. ती अगदीं शेवटची मर्यादा आहे, तेथवर वाट पाहण्याचा सल्ला नव्हे.

चिरंजीव जानेवारी २०२४ मध्यें पुण्यास सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पाहून आले होते. तेथें मातीच्या टेकाडांवरून उडणाऱ्या गाड्यांच्या टायरांस मोठमोठे गुटके असतात. ते मऊ मातींत रुततात. डांबरावर त्या गुटक्यांचीं केवळ टोकें टेंकतात, वांकतात आणि लवकर झिजतात. म्हणजे शर्यतीच्या जगांत प्रत्येक जमिनीस व प्रत्येक हवामानास वेगळा टायर. आमच्या गांवास तीन ऋतु आणि गाडीस एकच जोडी!

वैशाखांत येथील डांबर साठ अंशांवर तापतें, कोठें कोठें पाझरून चकाकतें, आणि मऊ टायर त्यावर पाहतां पाहतां संपतो. थंड असतां २८ पौंड भरलेली हवा टायर तीस अंशांनीं तापला तर ३२ च्या आसपास जाते. ती वाढली म्हणून वाटेंत सोडूं नये, मोजणें तें सकाळींच मोजावें. पौषांतील पहांटे उलट स्थिति. दंव पडलेलें असतें, टायर थंड असतो, आणि पहिले कांहीं मैल सांभाळूनच जावें लागतें. सरळ महामार्गावर मागील टायर मध्येंच सपाट होतो व वळणावर गाडी अडखळल्यासारखी कलते, हें निराळेंच.

नवा रस्ता म्हणजे निर्धास्त, हेंही खरें नव्हे. याच महामार्गावर अकोला-अमरावतीच्या टापूंत जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर सलग अंथरल्याचा जागतिक विक्रम झाला. अभिमानाची गोष्ट खरी. परंतु ताज्या डांबराची तेलकट साय खडीवरून झिजून जाईतों कोणताही नवा रस्ता ओला झाल्यास अधिक निसरडा असतो.

सर्वांत वाईट दिवस मृगाचे. महिनोन्‌महिने सांचलेली धूळ, तेल व रबराचा चुरा पहिल्या सरींत भिजून त्याचें लोणी होतें. पुढें पेरणी सुरू झाली कीं शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा काळा चिखल डांबरावर पडतो. ही माती ओली झाली कीं साबणासारखी. टायरच्या खांचा भरून टाकते, मडगार्डांत अडकून चाकही थांबवते. खामगांवाहून रात्रीं परतणाऱ्या मुलास ती अंधारांत दिसत नाहीं, आणि वहिनी दहापर्यंत ओसरीवरून हलत नाहींत. येथें शर्यतीचा टायर कामाचा नाहीं, दादांचा पांच वर्षांचा तर मुळींच नाहीं. हवा तो खोल खांचांचा, मध्यम मऊपणाचा साधा रस्त्याचा टायर, आणि तो ताजा.

दादांनीं अखेर हिशेब केला तो त्यांच्या पद्धतीनें: टायरची किंमत एकीकडे, हाड मोडल्यास अकोल्याच्या रुग्णालयाचा खर्च दुसरीकडे. पुतण्यानेंही मऊ टायरचा हट्ट सोडला. पेट्रोलपेक्षां टायरवर अधिक खर्च करावयाची त्याचीही तयारी नव्हती. नवी जोडी मृगाच्या पंधरा दिवस आधीं बसविली. नव्या टायरचा पृष्ठभाग प्रथम गुळगुळीत असतो. तो खरखरीत होईतों शंभर-दीडशें किलोमीटर कोरड्या रस्त्यावर बेतानें चालवावे लागतात, आणि पाऊस सुरू झाल्यावर तशी संधि मिळत नाहीं.