उतरणीची वाट

मनालीहून लेहला सायकलींवर निघालेले ते चौघे मित्र पन्नाशीकडे झुकले होते. २०२० साली बोगदा खुला झाला असला, तरी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड त्यांनी जुन्या वाटेनेच ओलांडली. पाचव्या रात्री मात्र, झिंगझिंगबारच्या तंबूत, धाकट्याचे डोके ठणकू लागले. पहाटे वांत्या सुरू झाल्या. पुढे ४,८९० मीटरवर बारालाचा खिंड, आणि तिच्यापलीकडचे सरचूही ४,२०० मीटरहून उंच. विरळ हवेच्या या दुखण्यावर खरा उपाय एकच : खाली उतरणे.

‘मला एखाद्या ट्रकमध्ये बसवून द्या, तुम्ही पुढे व्हा,’ धाकटा म्हणाला. या प्रवासाचा ध्यास थोरल्याचा. त्याने एकवार खिंडीकडे पाहिले आणि आपली सायकल मित्राच्या सायकलीशेजारी ट्रकवर चढवली. उरलेले दोघेही माघारी वळले. मात्र थोरला त्यानंतर कोणाशी बोलला नाही.

केलाँगला धाकट्याला उतार पडला. दोन दिवसांनी चौघे तांदीच्या संगमावर आले. बारालाचाच्या दोन अंगांनी उगम पावून दुरावलेल्या चंद्रा आणि भागा येथे भेटतात. त्यांची चंद्रभागा होते, पुढे चिनाब. पंढरपुरी भीमेलाही लोक हेच नाव देतात. धाकटा काठावर संकोचून उभा राहिला.

‘पाणी गार आहे,’ थोरला म्हणाला, ‘हात धर. जपून उतर.’