मामूंच्या शेतावरची रानकोंबडी

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी चार दिवस चामटोलीला मामूंच्या शेतावर जातो. बदलापूरच्या पुढे, कर्जत रस्त्याला हे गाव. इमारती आता तिथवर येऊन ठेपल्या आहेत, तरी फज्रच्या नमाजनंतर डोंगराकडून रानकोंबड्याची बांग अजून ऐकू येते. गावठी कोंबड्यासारखी ती लांबत नाही, मध्येच तुटते.

यंदा दुसऱ्याच दिवशी जवळच्या वाडीतला एक मुलगा गोणपाटात रानकोंबडी घेऊन आला. फाशात पाय अडकला होता, पण ती जिवंत होती. मामूंचा चेहरा खुलला. नाना, म्हणजे मामूंचे वडील, त्यांच्या काळचे नावाजलेले शिकारी. बारा बोअरची बंदूक घेतलेला त्यांचा फोटो अजून भिंतीवर आहे. "आज नानांच्या आठवणीची दावत," असे म्हणून मामूंनी सुरी मागवली.

आमच्या दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "मामू, ही हलाल आहे का?"

"बिस्मिल्लाह म्हणून जिबह करतो. मग हलाल नाही तर काय?"

आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर तीन वर्षांपूर्वी अशीच दावत आम्हीही खाल्ली होती. वर्गात परिसर अभ्यास शिकवताना वन्यजीवांचा धडा आला की तो रस्सा आठवायचा. या वेळी मात्र मुलगा उत्तरासाठी आमच्याकडे पाहत होता.

मसला म्हणून मामूंचे चुकत नव्हते. पोटासाठी शिकार करणे इस्लामने हराम केलेले नाही. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकारही जायज ठरवली आहे. पण त्याच सूरहमध्ये एहरामच्या संदर्भात असेही सांगितले आहे, की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल. हाताशी आलेले सोडता येते का, हीच ती परीक्षा. आम्हाला वाटले, ती आज एहरामशिवायच आपल्या अंगणात आली आहे.

आम्ही मामूंना कायद्याची आठवण दिली. नानांच्या काळी परवाने मिळत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाची शिकार पूर्ण बंद झाली. फासे लावणे, घरटे विस्कटणे, अंडी फोडणे हेही कायद्याने शिकारच.

मामू चिडले. "अमेरिकेत आपला भाचा रानटी टर्की मारतो, तेही राजरोस! तिथे चालते, मग इथेच कशी बंदी?"

"मामू, शिकारीने तिथेही टर्की संपत आली होती. नंतर पक्षी पकडून नव्या जंगलांत सोडले, तेव्हा वाढली. आता परवाना, ठरलेला हंगाम, मोजके पक्षी. वसंतात तर बहुतेक ठिकाणी फक्त नर मारता येतो. आणि ही मादी आहे. अंड्यापिलांचे दिवस आहेत. ती इथे गोणपाटात, मग पिल्ले कोणाच्या भरवशावर?"

मग आम्ही मुलाला एक हदीस सांगितली. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली. ती पंख फडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कोणी दुःख दिले ते विचारले आणि पिल्ले परत ठेवायला लावली.

डॉ. सालिम अलींची गोष्टही सांगितली. मुंबईत मामांकडे वाढलेल्या या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. खायला चालेल का, म्हणून त्याने मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना विचारले. मामा स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून देशाला त्याचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. तिथेही सवाल हलालचाच होता!

मामू बराच वेळ फोटोकडे पाहत बसले. शेवटी सुरी आत ठेवून म्हणाले, "सोडा तिला. पण या पोराचे काय? याच्या घरी आज चूल पेटायची आहे."

हा सवाल आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोठा होता. कोंबडीचे पैसे दिले असते, तर उद्या आणखी फासे लागले असते. मामूंनी त्याला कुंपण दुरुस्तीचे काम दिले आणि दिवसाची मजुरी आगाऊ हातावर ठेवली. त्याने राहिलेले फासे काढून आणायचे कबूल केले.

कोंबडीचा पाय शाबूत होता. जखमी असती, तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवावे लागले असते. जिथे सापडली, तिथेच मुलाने तिला सोडले. ती झुडपात शिरली, मागे वळूनही पाहिले नाही.

रात्री ताटात डाळ-भात आणि सुकट होती. मामू थोडे रुसलेलेच होते. सकाळी बांग ऐकून मात्र त्यांनी मुलाला स्वतः उठवले.