१० रुपयांचे नाणे कोणी बंद केले?

सरकारने बंद केलेले नाही, रिझर्व्ह बँकेनेही नाही. तरी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात १० रुपयांचे नाणे पुढे केले की उत्तर ठरलेले: "हे चालत नाही, नोट द्या." कोणी म्हणतो, रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे. कोणी त्यावरच्या रेघा मोजतो. १० रेघा खऱ्या, १५ खोट्या.

वस्तुस्थिती काय? चिन्ह २०११ पासून आले. त्याआधीच्या नाण्यांवर ते असेल कसे? १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोवर १४ नमुन्यांची नाणी निघाली आणि सगळी वैध आहेत. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, त्यांची प्रतिमा असलेले १० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. या अफवेपुढे तेही खोटेच ठरते.

याचा भार कोणावर पडतो ते पाहा. ज्याच्याकडे फोन आहे तो स्कॅन करून मोकळा होतो. खुरपायला गेलेल्या बाईला मजुरीत चार नाणी मिळाली तर तिला 'नको' म्हणता येत नाही. संध्याकाळी दुकानदार तीच नाणी परत करतो, कारण त्याला 'नको' म्हणता येते. रुपयाची किंमत म्हणजे त्याने बाजारात काय विकत मिळते ती, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडले. त्या हिशेबाने या बाईची ४० रुपये मजुरी बुडाली. कायद्याने सगळे सारखे, पण गावात कोणाचे चालते आणि कोणाचे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण ऐकीव गोष्टींना आपणही बळी पडतोच. १०० रुपयांचा आहेर अशुभ, म्हणून १०१. रुपया चिकटवलेली पाकिटे बौद्ध लग्नांतही सर्रास दिसतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांनी शून्याला का भ्यावे?

ग्रामपंचायतींनी बाजारात रिझर्व्ह बँकेच्या खुलाशाचा फलक लावावा, ही मागणी आपण करूच. पण आपल्यातले ऑटोवाले, पानटपरीवाले, किराणा दुकानदार यांनी उद्यापासूनच नाणे घ्यावे. दहा जणांनी घेतले की अकरावा नाही म्हणणार नाही.

जय भीम!