रूथबाईंचं गवत अन् आमचं पाचट

काल खोडव्यात पाचट पसरताना अमेरिकेतल्या रूथ स्टाऊट बाईंची आठवण झाली. जन्म 1884 चा. कनेक्टिकट राज्यात रेडिंगला 1930 पासून भाजीपाला करायच्या. दरसाल नांगरवाल्याची वाट बघायची. आपल्यासारखंच, आज येतो उद्या येतो!

1944 च्या वसंतात वाट बघून कंटाळल्या. समोर अ‍ॅस्परॅगस (आपल्या शतावरीच्या जातीची भाजी) न नांगरताच उगवलेला. मग बाकीच्याला तरी नांगर कशाला? बी टाकलं अन् नांगरट कायमची बंद. जनावरं खात नाहीत ते खराब गवत आठ इंच जाड, बारा महिने जमिनीवर. नत्रासाठी सरकीची किंवा सोयाबीनची पेंड. 1955 ला पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. 1980 ला गेल्या, वय 96.

मी मात्र वीस वर्षं पाचट पेटवलं. वडील नको म्हणायचे, ऐकलं नाही. ते गेल्यावर वांग्यात पाचट टाकून बघितलं, तर तण वर आलं. म्हटलं, सगळं खोटं. मंडळी म्हणाली, "अहो, बाई आठ इंच सांगते, तुम्ही बोटभर टाकलंय."

पुढच्या साली जाड थर दिला. खुरपणीच्या तीन मजुऱ्या वाचल्या, ओल टिकली. पण उंदीर वाढलेत. तिकडं बर्फ पडतो, इकडं काळ्या रानात पावसाळ्यात थराखाली पाणी साचतं, म्हणून मी जूनमध्ये सरीतलं पाचट वरंब्यावर ओढतो. उंदरांवर कुणाकडं उपाय असंल तर सांगा.